क्लोरीन भरपूर, तरी पाणी हिरवं: सोसायटीच्या पूलचं रसायन आणि पंपाचे तास

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वाकडमधली सोसायटी, उघड्यावरचा पूल, १४ बाय ६ मीटर, सरासरी खोली १.२ मीटर. पाणी बोअरचं, कमी पडलं की टँकरचं. ऑपरेटर रोज टीसीसीए (ट्रायक्लोरो-आयसोसायन्युरिक ॲसिड, क्लोरीन देणारी) पावडर टाकतो, महिन्याला दहा किलो संपते. वीजबिल कमी व्हावं म्हणून कमिटीने दीड एचपीचा पंप सकाळी सहा ते नऊ एवढाच ठेवला. मार्चपासून दर आठ-दहा दिवसांनी पाणी हिरवं पडतं, मुलांचे डोळे चुरचुरतात, आणि टेस्ट किटमध्ये मात्र क्लोरीन गडद पिवळं येतं. तुमचे प्रश्न दोन आहेत: क्लोरीन असताना शेवाळ कसं धरतं, आणि पंप नेमका किती तास चालवायचा.

मी गेली १९ वर्षं पुणे, मावळ आणि कर्जत-खालापूर पट्ट्यातले पूल सांभाळतो. तुमच्यासारखं पाणी दर उन्हाळ्यात बघतो. माझा अंदाज असा, की तुमच्याकडे क्लोरीन कमी नाही, ते अडकून पडलंय. त्यात पंपाचे तास कमी केल्याने भर पडली, पण मूळ दुखणं टीसीसीएच्या डब्यात आहे.

टीसीसीएमध्ये क्लोरीनबरोबर सायन्युरिक ॲसिड येतं. विक्रेते त्याला स्टॅबिलायझर म्हणतात. थोडं असेल तर ते फार उपयोगी. उघड्या पूलमध्ये ते अजिबात नसेल तर एप्रिलचं ऊन दोन-तीन तासांत बहुतेक क्लोरीन उडवून टाकतं. ३० ते ५० पीपीएम (दहा लाख भागांत तेवढे भाग) स्टॅबिलायझर असलं की क्लोरीन दिवसभर टिकतं. पण क्लोरीन वापरलं जातं, उडून जातं. स्टॅबिलायझर कुठेच जात नाही. पाणी वाळलं तरी ते मागे उरतं. एक लाख लिटर पाण्यात एक किलो टीसीसीए टाकलं की साधारण ९ पीपीएम क्लोरीन आणि साडेपाच पीपीएम स्टॅबिलायझर मिळतं. तुमचा पूल बरोबर एक लाख लिटरचा आहे. महिन्याला दहा किलो म्हणजे महिन्याला ५५ पीपीएम. बॅकवॉशमध्ये (फिल्टर उलट्या प्रवाहाने धुताना) थोडं बाहेर जातं ते सोडलं, तरी दिवाळीपासून आजपर्यंतचा हिशेब तुम्हीच करा.

स्टॅबिलायझर वाढलं की बहुतांश क्लोरीन त्याला चिकटून बसतं आणि शेवाळाशी लढायला फारच थोडं उरतं. माझा ठोकताळा असा: मोकळं क्लोरीन (किटमध्ये मोजताना स्टॅबिलायझरला चिकटलेलंही यातच येतं) स्टॅबिलायझरच्या निदान साडेसात टक्के हवं. स्टॅबिलायझर ४० असेल तर ३ पीपीएम पुरतं. १८० असेल तर साडेतेरा लागेल, आणि तेवढं मुलांच्या पूलमध्ये कोणी ठेवू नये. म्हणून तुमच्याकडे ३ दाखवत असलं तरी पाणी हिरवं पडतं.

गेल्या वर्षी बाणेरच्या एका सोसायटीत मी स्टॅबिलायझरची चाचणी कमिटीसमोर केली. तळाला काळा ठिपका असलेली नळी असते. पूलचं पाणी आणि चाचणीचं द्रावण सारखं सारखं मिसळलं की ते दुधासारखं गढूळ होतं. हे गढूळ पाणी नळीत हळूहळू ओतायचं आणि वरून ठिपका बघत राहायचं. जिथे ठिपका दिसेनासा होतो तिथला आकडा वाचायचा. तिथे नळी अर्ध्यावरही आली नव्हती आणि ठिपका गायब, म्हणजे १०० च्या वर. मग पूलचं पाणी साध्या नळाच्या पाण्यात निम्मं करून पुन्हा केलं. ९० आलं. दुप्पट केलं की १८०. सेक्रेटरी काकांनी नळी स्वतःच्या हातात घेऊन परत ओतून बघितली, तेव्हा त्यांची खात्री पटली. तुम्हीही आधी हीच चाचणी करा. किट ऑपरेटरच्या नेहमीच्या डब्यात नसतं, वेगळं मागवावं लागतं. हा आकडा कळल्याशिवाय एक रुपयाचंही केमिकल घेऊ नका.

आकडा १०० च्या वर आला तर उपाय एकच, पाणी बदलणं. स्टॅबिलायझर काढून टाकणारं खात्रीचं औषध मी अजून पाहिलेलं नाही. १८० वरून ४५ वर यायचं तर तीन चतुर्थांश पाणी जायला हवं, म्हणजे ७५ हजार लिटर, दहा हजारी सात-आठ टँकर. ऐकायला जिवावर येतं, मला कल्पना आहे. पण हे पाणी एकदमच काढा. अर्धा पूल उपसून भरायचा आणि परत अर्धा उपसायचा असं केलंत तर परिणाम तोच, पाणी मात्र एक लाख लिटर लागतं. उपसण्याआधी चार-पाच दिवस क्लोरीन टाकणं थांबवा, चाचणीत शून्य येऊ द्या, मग ते पाणी पार्किंग धुवायला आणि फ्लशच्या टाकीत वापरता येतं. आणि हे काम जूनच्या आधी उरका. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर आलेलं असताना पूल रिकामा केला तर खालच्या दाबाने तळ उचलला जातो, टाइल्स फुटतात. मावळात एका बंगल्यावर जुलैमध्ये असा उचललेला तळ मी पाहिलाय. दुरुस्तीचा खर्च दहा वर्षांच्या केमिकलपेक्षा जास्त झाला.

आत्ता टँकर परवडत नसतील तर निदान टीसीसीए आजपासून बंद करा आणि पावसाची वाट बघा. तुमच्या पूलचा पृष्ठभाग ८४ चौरस मीटर आहे. पावसाळ्यात ६०० मिलिमीटर पाऊस धरला तरी ५० हजार लिटर गोडं पाणी आपोआप पडतं आणि तेवढंच जुनं ओव्हरफ्लोने बाहेर जातं. तोवर पूल मुलांसाठी बंद ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

यापुढे क्लोरीन द्रव घ्या, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, ज्याला सगळे हायपो म्हणतात. हिशेब सोपा आहे: १० टक्क्यांचा एक लिटर हायपो एक लाख लिटर पाण्यात एक पीपीएम क्लोरीन देतो. तुमच्यासाठी लिटर म्हणजेच पीपीएम. उन्हाळ्यात रोज दोन-तीन लिटर लागतील. मात्र उन्हात ठेवलेला कॅन महिन्याभरात बराच उतरतो, म्हणून सावलीत ठेवा आणि पंधरा दिवसांपुरताच साठा करा. ब्लीचिंग पावडर स्वस्त पडते, पण तिच्यातला चुना तळाशी बसतो आणि आपल्या बोअरचं पाणी आधीच जड असतं. टाइल्सवर पाण्याच्या रेषेला जो पांढरा खरखरीत पट्टा येतो, तो कॅल्शियमच आहे. त्यात आणखी भर नको. हायपो संध्याकाळी ऊन उतरल्यावर, पंप चालू असताना, रिटर्नच्या (गाळलेलं पाणी पूलमध्ये परत येतं त्या) तोंडाजवळ हळूहळू ओता. सकाळी नऊला टाकलेल्या क्लोरीनचा बराच भाग उन्हात जातो.

आता पीएच. क्लोरीन पाण्यात दोन रूपांत असतं, एक मारणारं आणि एक जवळजवळ झोपलेलं. दोघांचं प्रमाण पीएच ठरवतो. ७.२ ला दोन तृतीयांश जागं असतं, ७.५ ला निम्मं, ८ ला जेमतेम पाव. पाण्यात स्टॅबिलायझर असलं की हे गणित इतकं तीव्र राहत नाही, पण डोळ्यांची चुरचुर, टाइल्सवरचे थर आणि गढूळपणा यांसाठी पीएच ७.२ ते ७.६ मध्येच हवा. बोअरच्या पाण्याची अल्कलिनिटी (पीएचमधला बदल रोखून धरण्याची पाण्याची क्षमता) ३०० पीपीएमच्या आसपास असू शकते आणि तिच्यामुळे पीएच सतत वर चढतो. ती ८० च्या आसपास आणायची. त्यासाठी हायड्रोक्लोरिक ॲसिड: ३० टक्क्यांच्या आसपासच्या ॲसिडचे दोन लिटर तुमच्या पूलची अल्कलिनिटी सुमारे १० पीपीएमने उतरवतात. एका दिवसात एक-दीड लिटरच्या वर जाऊ नका. टाका, चार तास पंप फिरवा, परत मोजा. नवं पाणी भरल्यानंतर पहिला महिना-दीड महिना हे चालेल, मग आठवड्यातून एकदा पुरतं. उलट पावसाळ्यात अल्कलिनिटी फार खाली गेली तर खायचा सोडा वापरा. १.७ किलोला १० पीपीएम वाढते. इथे धुण्याचा सोडा आणून टाकणारे बरेच असतात. त्याने पीएच एकदम वर उडतो, ते करू नका.

मुलांचे डोळे चुरचुरतात ते क्लोरीन जास्त झाल्याने, अशी पालकांची समजूत असते. बहुतेक वेळा उलटं असतं. घाम, लघवी, सनस्क्रीन यांच्याशी क्लोरीन अर्धवट भिडलं की क्लोरामाइन तयार होतात. पूलचा म्हणून ओळखला जाणारा तो तीव्र वास त्यांचाच. चांगल्या सांभाळलेल्या पूलला जवळजवळ वासच नसतो. तुमचं किट पिवळा रंग दाखवतं, म्हणजे ते ओटी किट आहे. ते मोकळं आणि बांधलेलं (म्हणजे क्लोरामाइन झालेलं) असं सगळं क्लोरीन एकत्र मोजतं, त्यामुळे "भरपूर" दिसतं. गुलाबी रंगाचं डीपीडी किट घ्या. ते दोन्ही वेगळं सांगतं. बांधलेलं ०.५ च्या वर गेलं की पाण्याला जोरदार डोस हवा. एक सावधगिरी: क्लोरीन फार जास्त असेल तर डीपीडीचा गुलाबी रंग उमटतो आणि लगेच पांढरा पडतो. ऑपरेटर त्याला शून्य समजून आणखी हायपो ओततो. तसंच क्लोरीन जास्त असताना पीएचच्या लाल द्रावणाचा रंग जांभळट होतो आणि पीएच खोटाच चढलेला वाटतो. शंका आली की पूलचं पाणी नळाच्या पाण्यात निम्मं करून क्लोरीन पुन्हा मोजा, आणि क्लोरीन उतरेपर्यंत पीएचच्या आकड्यावर ॲसिड टाकू नका.

शेवाळ मारायला मोरचूद टाकण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. शेवाळ मरतं हे खरं, पण तांबं पाण्यात राहतं, ग्राउटवर डाग पडतात, मुलींचे केस हिरवट होतात. जिथे क्लोरीन नीट आहे तिथे त्याची गरज पडत नाही, म्हणून मी वापरत नाही.

आता पंप. तुमचा फिल्टर ६०० मिलिमीटरचा सँड फिल्टर आहे असं तुम्ही लिहिलंय. त्यातून तासाला साधारण १४ हजार लिटर पाणी नीट गाळलं जातं. म्हणजे पूलइतकं पाणी एकदा फिरायला सात तास. तीन तासांत चाळीस टक्के फिरतं. आणि एक फेरा म्हणजे सगळं पाणी गाळलं असंही नाही, कारण गाळलेलं पाणी न गाळलेल्यात परत मिसळत राहतं. एका फेऱ्यात साधारण ६३ टक्के पाणी फिल्टरमधून जातं, दोन फेऱ्यांत ८६, तीनमध्ये ९५. उन्हाळ्यात रोज वापर असलेल्या पूलला मी दीड फेरा धरतो, तुमच्यासाठी दहा तास. सुट्टीच्या दिवशी साठ-सत्तर माणसं उतरली तर चौदा. डिसेंबर-जानेवारीत कोणी उतरत नसेल तर सहा पुरतात.

तास किती यापेक्षा तास कुठले, याकडे कमिट्या कमी लक्ष देतात. पाणी स्थिर असलं की हायपो एका कोपऱ्यात राहतं आणि दुसऱ्या कोपऱ्यात, शिडीमागे, पायऱ्यांच्या सांध्यात शेवाळ धरतं. तुमच्याकडे सकाळी नऊला पंप बंद होतो आणि पाणी सगळं ऊन उभ्याउभ्या घेतं. हे तास तोडून लावा: सकाळी सहा ते नऊ, दुपारी बारा ते दोन, संध्याकाळी पाच ते दहा. मुलं पाण्यात असताना पंप चालूच हवा, आणि हायपो टाकल्यानंतर निदान दोन तास. टायमर बसवा, माणसाच्या आठवणीवर सोडू नका. तुमच्या मीटरवर वेळेनुसार दर असतील तर बिल बघून दुपारचे तास पुढे-मागे करता येतील.

विजेचा हिशेब असा. दीड एचपीचा पंप साधारण १.४ किलोवॉट ओढतो. दहा तासांचे १४ युनिट, महिन्याला ४२०. तीन तासांवर असताना १२६ होते. हा फरक कमिटीला खुपणार हे मी समजू शकतो. पण पंपाला व्हीएफडी (मोटारीचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) बसवली तर चित्र बदलतं. मोटारीचा वेग कमी केला की पाणी त्याच प्रमाणात कमी होतं, वीज मात्र घनाच्या प्रमाणात घटते. ५० ऐवजी ३५ हर्ट्झवर चालवलं तर पाणी ७० टक्के आणि वीज साधारण ३५ टक्के. चौदा तास असं चालवलं की दहा तासांइतकंच पाणी फिरतं आणि युनिट लागतात सातच्या आसपास. शिवाय संथ चालीत वाळूतून पाणी जास्त नितळ निघतं. फक्त बॅकवॉश आणि सक्शन स्वीपिंग पूर्ण वेगात करा, नाहीतर वाळू उचलली जात नाही. मोटर थ्री-फेज असेल तर व्हीएफडी सरळ बसते. सिंगल-फेज असेल तर आधी इलेक्ट्रिशियनला विचारा, बहुधा मोटर बदलावी लागेल.

बॅकवॉश "दर सोमवारी" असा ठरवू नका. फिल्टर स्वच्छ असताना गेजवर किती दाब आहे तो आकडा मार्करने फिल्टरवरच लिहा. समजा ०.८ बार. तो १.४ च्या आसपास गेला की बॅकवॉश. दोन-तीन मिनिटं, काचेत पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, मग अर्धा मिनिट रिन्स. मल्टिपोर्टचं (फिल्टरवरच्या बहुमार्गी व्हॉल्व्हचं) हँडल फिरवताना पंप बंद हवा. चालू पंपावर फिरवलं की आतलं गॅस्केट जातं आणि मग बॅकवॉशचं पाणी चोवीस तास ड्रेनला गळत राहतं, कोणाच्या लक्षातही येत नाही. पंपाची जाळी रोज काढून धुवा. जाळी भरली की पंप वेगळाच कोरडा आवाज करतो, तो ओळखायला ऑपरेटरला शिकवा. वाळू पाच वर्षांहून जुनी असेल आणि मुठीत घेतल्यावर गोळे होत असतील तर बदला.

पाणी बदलल्यानंतरचे पहिले दिवस असे काढा. स्टॅबिलायझर ४५ आहे असं धरू. पीएच ७.२ वर आणा. मग हायपोने मोकळं क्लोरीन १८ पर्यंत न्या, म्हणजे १८ लिटर. पंप चोवीस तास. भिंती, सांधे, शिडीमागची जागा ब्रशने घासून काढा, कारण घासल्याशिवाय चिकट थराखालचं शेवाळ मरत नाही. दिवसातून तीन वेळा मोजा आणि उतरलेलं भरून काढा. हिरवं पाणी आधी दुधाळ निळसर होतं, हे मेलेलं शेवाळ. ते फिल्टरने दोन-तीन दिवसांत निघतं. घाई असेल तर रात्री एक-दीड किलो तुरटी पाण्यात विरघळवून सगळीकडे शिंपडा, दोन तास पाणी फिरवा, पंप बंद करा. सकाळी गाळ तळाशी बसलेला असतो; तो सक्शनने थेट वेस्टला (ड्रेनमध्ये) काढा, फिल्टरमधून नेऊ नका. तुरटीने अल्कलिनिटी थोडी उतरते, मागून मोजून घ्या.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. हायपो आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी ऑपरेटरने हायपोचाच ओला मग ॲसिडसाठी वापरला होता. पंपरूम बंद, पंखा नाही. मी पोचलो तेव्हा तो बाहेर कट्ट्यावर बसून खोकत होता, डोळ्यांतून धारा, बोलताही येत नव्हतं. त्याला दोन दिवस ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. त्या दिवसापासून मी सांभाळतो त्या प्रत्येक ठिकाणी लाल मग ॲसिडचा, पांढरा हायपोचा, आणि दोन्ही वेगळ्या खोल्यांत. टीसीसीएचा उरलेला डबा ब्लीचिंग पावडरीजवळ ठेवू नका, एकाच भांड्यात तर चुकूनही नको. आग लागते, स्फोट होऊ शकतो. ॲसिड नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. ऑपरेटरला हातमोजे, चष्मा आणि मास्क सोसायटीने द्यावेत. तो माणूस महिन्याला दहा-बारा हजारांत तुमच्या मुलांचं पाणी सांभाळतोय.

उघडायचं कधी, हे तुम्ही शेवटी विचारलंय. संध्याकाळी सूर्य मावळल्यावर मोकळं क्लोरीन मोजा, मध्ये काही टाकू नका, आणि सकाळी ऊन यायच्या आत परत मोजा. रात्रीत एक पीपीएमपेक्षा जास्त उतरलं तर पाण्यात अजून खाणारं काहीतरी आहे, थांबा. एकाच्या आत उतरलं, बांधलेलं क्लोरीन ०.५ च्या खाली आलं, आणि काठावर उभं राहून खोल बाजूच्या तळातली मेन ड्रेनची जाळी, तिच्या फटींसकट, स्वच्छ दिसली, तर क्लोरीन ४ पर्यंत उतरू द्या आणि दुसऱ्या दिवशी पूल उघडा. जाळी दिसत नसेल तर बाकीचे आकडे कितीही चांगले असोत, कोणालाही उतरू देऊ नका. गढूळ पाण्यात तळाशी गेलेलं मूल काठावरून दिसत नाही.